जखम भरल्यानंतरचं रुग्णालय

लष्करी रुग्णालय म्हटलं की स्ट्रेचर, रक्त आणि शस्त्रक्रियेची धावपळ डोळ्यांसमोर येते. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्राचं काम ती धावपळ संपल्यावर सुरू होतं. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४४ साली हे केंद्र उभं राहिलं.

१९७१च्या युद्धात पूर्व आघाडीवर गुरखा पलटणीचे मेजर इयान कार्डोझो यांचा पाय सुरुंगावर पडला. निकामी झालेला तो पाय त्यांनी स्वतःच्या खुकरीने तोडला. पुढची शस्त्रक्रिया केली ती युद्धकैदी असलेल्या पाकिस्तानी सर्जनने! पुण्यात कृत्रिम पाय मिळाल्यावर कार्डोझो पुन्हा उभे राहिले आणि पुढे त्यांनी बटालियनचं, मग ब्रिगेडचंही नेतृत्व केलं.

पाय बसवणं हे चिकाटीचं काम. उरलेल्या भागाचा प्लास्टरचा साचा घ्यायचा, त्यावरून सॉकेट घडवायचं. ते जरा घट्ट झालं की कातडी सोलवटते, सैल झालं की तोल जातो. मग दोन समांतर दांड्यांमध्ये पहिली पावलं.

पुनर्वसन कृत्रिम अवयवापुरतंच नसतं. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. उपचार म्हणून त्यांनी पोहायला सुरुवात केली आणि १९७२च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. पुनर्वसन हा उपचाराचाच भाग आहे, याचा याहून ठोस पुरावा कोणता?

पुण्याच्या केंद्रात नागरिकांनाही अवयव बसवून मिळतात. आपल्या ओळखीत कुणाला गरज असेल, तर वाचकांनी ही माहिती जरूर पोचवावी.