वेताळाची नव्वदी

परवा पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामाजी, वेताळाला नव्वद वर्षं झाली! तुमच्या ट्रंकेतले इंद्रजाल अजून आहेत का?" आहेत. वाळवीने खाल्लेले सोडून सतरा.

वेताळ म्हणजे ली फॉक यांचा फँटम. १७ फेब्रुवारी १९३६ ला तो अमेरिकन वर्तमानपत्रात अवतरला. आपल्याकडे टाइम्सवाल्यांनी मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स काढले, आणि पुढे तो मराठीही बोलू लागला. वडील जंगल खात्यात, त्यामुळे आम्ही आलापल्लीत. कवटीची गुहा, पांढरा घोडा, जंगलात घुमणारे ढोल... आणि घराबाहेर खरंखुरं सागाचं जंगल! रात्री लांबच्या गावातून ढोल ऐकू आला की वाटायचं, निघाला वेताळ!

पुढे मी मास्तर झालो. १९८४ च्या सुमारास वर्गात वाचनाची गोडी लागावी म्हणून हीच पुस्तकं वाटली. भामरागडकडचा एक माडिया मुलगा होता, फार कमी बोलायचा. पुस्तक परत देताना म्हणाला, "गुरुजी, जंगल त्यांचं, मग राजा बाहेरचा कसा?"

मी म्हणालो, "अरे, गोष्ट आहे ती." आणि पुढचा धडा घेतला.

ते उत्तर मला आजही टोचतं. खरंच, पहिला वेताळ हा समुद्रातून वाहत आलेला गोरा. त्याच्या वंशाने पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर राज्य करायचं आणि जंगलातल्यांनी ढोल वाजवून त्याला बोलवायचं. स्वतःचं रक्षण त्यांना जमतच नाही! आणि माझं तरी काय वेगळं होतं? मीही बाहेरूनच आलेला. या मुलांना 'सुधारायला' आलोय अशीच माझी समजूत. त्याच्या बापाला जंगलातलं झाड न् झाड ठाऊक होतं, ते मी कधी विचारलं नाही.

म्हणून मला वाटतं, अशा नव्वद्या-शंभऱ्या जरूर साजऱ्या कराव्यात, पण नुसतं "आमच्या वेळी काय मजा होती" म्हणून उसासे टाकू नयेत. ज्या गोष्टीवर आपलं प्रेम आहे तिच्यातलं खुपणारंही आपणच सांगायला हवं. दुसऱ्याने सांगितलं की राग येतो. आणि वेताळाबरोबर आबिद सुरतींच्या बहादूरचीही आठवण ठेवावी. तो १९७६ मध्ये इंद्रजालमध्येच आला. डाकूचा मुलगा, जीन्सवर भगवा कुर्ता. पण तो गावकऱ्यांनाच एकत्र करून डाकूंशी लढायला उभं करतो. त्या मुलाच्या हाती मी आधी बहादूर द्यायला हवा होता.

इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडलं. माडिया पोरगाच नायक आहे असं चित्रपुस्तक मात्र माझ्या हाती अजून आलेलं नाही.

असो. दिवाळीत भाच्याची लेक येणार आहे. सतराच्या सतरा पुस्तकं तिला देईन. सोबत त्या मुलाचा प्रश्नही सांगेन. उत्तर तिचं तिने शोधावं.