चार मीटरच्या आतील हिशेब

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरचा उपकरही रद्द झाला. तेव्हापासून आपल्याकडील अनेक व्यापारी घरांत एकच विषय चर्चेत आहे : आता एखादी उंच गाडी घ्यावी काय? बँकेतून निवृत्त झाल्यापासून कर्जाचे अर्ज तपासण्याचे माझे काम सुटले, परंतु आप्तेष्ट ते पुरते सुटू देत नाहीत. सेलू येथे कापडाचे दुकान असलेल्या माझ्या भाच्यानेही विचारले, "मामा, दहा लाखांत बसेल अशी एसयूव्ही सुचवा."

मी त्यास उलट दोन प्रश्न केले. दहा लाख म्हणजे शोरूमच्या फलकावरचे, की गाडी दारात उभी राहीपर्यंतचे? आणि ते येणार कोठून? गाडीचे नाव हा त्यानंतरचा प्रश्न. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी अर्धवट होते. दुसऱ्याचे उत्तर त्याने फार सहजपणे दिले, आणि मला चिंता वाटली ती त्या सहजपणाची. त्याकडे पुढे येतो.

प्रथम हे पाहू, की आपण ज्यास एसयूव्ही म्हणतो ती वस्तू कोणती. २००६-०७ च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी लहान मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. लहान मोटार कोणती, तर जिची लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० घनसेंटिमीटर व डिझेलचे असल्यास १५०० घनसेंटिमीटरपर्यंत. त्या एका व्याख्येने आपल्या देशातील मोटारींचा आकार ठरविला. २०१३ मध्ये फोर्डची इकोस्पोर्ट, २०१६ मध्ये मारुतीची विटारा ब्रेझा, २०१७ मध्ये टाटांची नेक्सॉन, २०२१ मध्ये पंच, २०२३ मध्ये ह्युंदाईची एक्स्टर, या साऱ्या चार मीटरच्या आत बसविलेल्या गाड्या. गंमत अशी, की आजवरच्या जीएसटी नियमांनुसार सर्वाधिक उपकर लागणारी एसयूव्ही चार मीटरहून लांब असावी लागे. म्हणजे शोरूममधील विक्रेता जिला एसयूव्ही म्हणून विकतो, ती करखात्याच्या दृष्टीने एसयूव्ही नव्हेच. आपल्या खिशाला हा भेद मोठा मानवतो, म्हणून तक्रार करू नये. मात्र लांबीबरोबर इंजिनही पाहावे. ब्रेझा चार मीटरच्या आत आहे, परंतु तिचे पेट्रोल इंजिन १४६२ घनसेंटिमीटरचे असल्याने तिच्यावर १८ नव्हे, ४० टक्के कर लागतो. तुलना करताना ही गोष्ट ध्यानी असावी.

आता दहा लाखांचा हिशेब. समजा फलकावरील किंमत ८,५०,००० रुपये आहे. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावे असलेल्या दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीवर ११ टक्के एकरकमी वाहनकर लागतो, तो झाला ९३,५००. विमा व किरकोळ खर्चास चाळीस हजार धरा. बेरीज पावणेदहा लाखांच्या पुढे गेली. याचा अर्थ, दहा लाखांत गाडी घ्यायची तर नजर साडेआठ लाखांच्या वर जाऊ देऊ नये. किंमत दहा लाखांच्या वर गेली, की वाहनकर १२ टक्के होतो आणि १ टक्का टीसीएसही भरावा लागतो. टीसीएस आयकरात वळता होतो हे खरे, पण रक्कम आधी हातची जाते.

येथे व्यापारी बांधवांत रूढ असलेला एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. "गाडी फर्मच्या नावे घेऊ, जीएसटीची वजावट मिळेल," असे अनेक जण म्हणतात. ती मिळत नाही. चालकासह तेरा आसनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीवरील कराची वजावट कायद्याने रोखलेली आहे. मोटारींची विक्री, प्रवासी वाहतूक वा वाहन प्रशिक्षण हाच ज्यांचा धंदा, त्यांना अपवाद आहे. कापडाच्या दुकानदारास नाही. कंपनीच्या नावे नोंदणी केल्यास वाहनकर उलट अधिक द्यावा लागतो. आयकरात १५ टक्के घसारा मिळतो, तोही धंद्यासाठी जेवढा वापर होईल तेवढाच. भाच्याची मालकी एकट्याची असल्याने गाडी त्याच्या स्वतःच्या नावे घ्यावी, असे आम्ही ठरविले.

आता तो दुसरा प्रश्न. भाचा म्हणाला होता, "मामा, सीसीची मर्यादा मोकळीच आहे. त्यातूनच उचलतो. पुन्हा कागदपत्रे नकोत, हप्ता नको." दिवाळीचा माल विकून मर्यादा मोकळी झाली, की प्रत्येक दुकानदारास असे वाटते. बँकेतील माझ्या कार्यकाळात चांगली चालती दुकाने आजारी पडताना मी पाहिली, आणि त्यांपैकी अनेकांच्या दारात नवी गाडी उभी असे. कॅश क्रेडिट हे मालासाठी दिलेले असते. माल विकला, की ते आपोआप भरले जाते. गाडी विकली जात नाही. तिच्यात गेलेले पैसे मर्यादेत कायमचे अडकतात. मासिक स्टॉक स्टेटमेंटमध्ये तेवढी तूट दिसते. बँक त्यास निधी अन्यत्र वळविणे म्हणते आणि पुढील नूतनीकरणाच्या वेळी प्रश्न विचारते.

परंतु बँकेच्या प्रश्नांपेक्षा मोठे नुकसान दुकानातच होते. भाच्याची वर्षाची खरेदी सुमारे तीस लाखांची. ठोक व्यापारी रोखीवर तीन टक्के वटाव देतात. मर्यादा गाडीने अडविली, की लगनसराईचा माल उधारीवर उचलावा लागणार आणि वटाव जाणार. सर्व खरेदीवरचा वटाव गेला तर वर्षाला ९० हजार. निम्म्यावरचा गेला तरी ४५ हजार. हा आकडा मी त्याच्याच वहीच्या कोपऱ्यात मांडून दाखविला. मग तो बराच वेळ काही बोलला नाही.

वाहनकर्ज घेणे, तेही पाच वर्षांचे, हाच मार्ग उरला. सात लाखांवर ९ टक्के दराने पाच वर्षांचा हप्ता १४,५३१ रुपये येतो. सात वर्षांचा ११,२६२. विक्रेता नेहमी सात वर्षांचाच हप्ता सांगतो. त्या सव्वातीन हजारांच्या सवलतीपोटी एकूण व्याज सुमारे ७४ हजारांनी वाढते, आणि सहाव्या-सातव्या वर्षी आपण जुन्या गाडीचे हप्ते फेडत असतो. दुसरी अडचण आपल्या मुलुखाची आहे. हप्ता बारा महिने सारखा, विक्री मात्र तशी नसते. सोयाबीन व कापसाचे पैसे शेतकऱ्याच्या हाती आले, की कापडाची विक्री होते. आषाढ-श्रावणात गल्ल्यात फारसे काही नसते. दुकानाची सरासरी बचत महिन्याला चाळीस हजार असली, तरी पावसाळ्यात ती पंधरावर येते. यास्तव हप्ता सरासरीतून नव्हे, पंधरा हजारांतून देता आला पाहिजे, आणि त्यात पेट्रोलही भागले पाहिजे.

पेट्रोलचा विषय परभणीकरांस वेगळा सांगणे नको. सप्टेंबर २०१८ मध्ये दराने नव्वदी ओलांडली, तेव्हा देशात सर्वांत महाग पेट्रोल म्हणून आपल्या जिल्ह्याचे नाव वृत्तपत्रांत झळकले. इंधन सुमारे तीनशे किलोमीटर दूर मनमाडच्या डेपोतून येते आणि वाहतूक खर्च आपल्या माथी बसतो. आज लिटरला १०७ रुपये धरू. वर्षाला १२ हजार किलोमीटर आणि लिटरला १५ किलोमीटर असा हिशेब केला, तर ८५,६०० रुपये होतात. डिझेलचा दर ९३ व धाव १८ धरली, तर ६२ हजार. बचत २३,६०० रुपयांची. पण डिझेल गाडी सव्वा लाखाने महाग धरली आणि तिच्यावरील वाहनकर ११ ऐवजी १३ टक्के लागला, तर जास्तीचे १,५८,००० रुपये वसूल व्हायला साडेसहा वर्षांहून अधिक काळ जाईल. शिवाय नव्या डिझेल गाड्यांतील धूर गाळणारी जाळी साफ होण्यास अधूनमधून लांब पल्ल्याची धाव लागते. घर, दुकान, आडत अशा छोट्या फेऱ्यांत ती तुंबते. वर्षाला वीस-पंचवीस हजार किलोमीटर फिरणाऱ्यानेच डिझेलचा विचार करावा. सीएनजी स्वस्त पडते आणि वाहनकरही कमी, मात्र पंप रोजच्या वाटेवर असला पाहिजे. विजेच्या गाडीवर जीएसटी अवघा ५ टक्के, परंतु भाच्याच्या अंदाजपत्रकात ती बसत नव्हती.

उंच गाडीची गरज तरी खरी आहे काय? त्याच्या घरी आहे. माझ्या भगिनीचे गुडघे दुखतात; बुटक्या मोटारीतून उठताना तिला दोघांचा हात लागतो. जिंतूरजवळील नेमगिरीस जाण्याची तिची इच्छा याच कारणाने दोनदा पुढे ढकलली गेली. रस्त्यांचे म्हणाल तर पंचची जमिनीपासूनची उंची १८७ मिलिमीटर, एक्स्टरची १८५, निसान मॅग्नाइटची २०५, नेक्सॉनची २०८. खड्डे आणि गतिरोधक यांसाठी यांतली कोणतीही पुरे. परंतु या किमतीतील या साऱ्या गाड्यांत इंजिनची शक्ती फक्त पुढच्या दोन चाकांना मिळते. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत चाक रुतले, तर उंची उपयोगी पडत नाही. ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. जाहिरातीत गाडी डोंगर चढते म्हणून शेताच्या बांधावर नेऊ नये.

सुरक्षिततेच्या बाबतीत मी भाच्यास सवलत दिली नाही. डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉन ही ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळविणारी पहिली भारतीय बनावटीची मोटार ठरली. पंचलाही २०२१ मध्ये प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी पाच तारे मिळाले. आता १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची भारत एनकॅप ही चाचणी आहे. तारे पाहावेत, एअरबॅग किती तेही पाहावे. छतावरच्या खिडकीसाठी जास्तीचे पैसे मोजून एअरबॅगा कमी असलेली गाडी घेणाऱ्याची मला कीव येते. आणि मागच्या आसनावरील पट्टा! ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते एका महागड्या गाडीच्या मागील आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. आपल्या घरांत मागे चौघे-पाच जण दाटीने बसतात आणि मूल मांडीवर असते. त्या गाडीचे तारे कितीही असोत.

जुनी गाडी घेण्याचा विचारही झाला. घेण्यास हरकत नसते; मात्र नोंदणीपुस्तकावरील कर्जाचा बोजा उतरलेला असावा आणि गाडी एप्रिल २०२३ नंतरच्या बनावटीची असावी, म्हणजे आजच्या वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा त्रास नाही. तशी चांगली गाडी नव्यापेक्षा फार स्वस्त मिळेना.

शेवटी दोन गाड्या उरल्या, पंच आणि एक्स्टर. एक्स्टरचे चार सिलिंडरचे इंजिन शांत, सर्व प्रकारांत सहा एअरबॅगा. पंचचे तीन सिलिंडरचे इंजिन किंचित थरथरते आणि पाच जण बसल्यावर ओव्हरटेक करताना धीर धरावा लागतो. पण तिचे दरवाजे नव्वद अंशांत उघडतात. दोन्ही शोरूममध्ये भगिनीस तीन-तीन वेळा चढ-उतार करावयास लावली. विक्रेते कंटाळले, ती कंटाळली नाही. तिने पंच निवडली. नेक्सॉन, महिंद्राची थ्री एक्सओ वा स्कोडाची कायलॅक या अधिक मोठ्या मनाच्या गाड्या आहेत. ज्यांचे चौघे प्रौढ नेहमी महामार्गावर असतात, त्यांनी त्या अवश्य पाहाव्यात.

प्रकार मधला घेतला, फलकावरील किंमत साडेसात लाख. कर, विमा धरून सुमारे ८,७०,००० रुपये. त्यांतील ३,७०,००० मुदत ठेवीतून, कारण ठेवीवर मिळणारे व्याज कर्जाच्या व्याजाहून कमी. उरलेल्या पाच लाखांचे पाच वर्षांचे कर्ज, हप्ता १०,३७९ रुपये. पावसाळ्यासाठी तीन हप्ते निराळ्या खात्यात. शोरूमने अंदाजपत्रकात 'हाताळणी' म्हणून एक रक्कम लिहिली होती. तिचा तपशील लेखी मागताच ती नाहीशी झाली. आसनांच्या आवरणात व स्टिअरिंगवर चामडे नाही, हेही लिहून घेतले. विमा बाहेरून घेण्याची मुभा असते, म्हणून तीन ठिकाणचे दर मागविले. नव्या मोटारीस तीन वर्षांचा तृतीयपक्ष विमा सक्तीचा आहे, परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा बहुधा एकाच वर्षाचा असतो आणि तो संपल्याचे अनेकांच्या लक्षातही येत नाही. भाच्याने ती तारीख उधारीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे.