शिदोरी बांधणारे हात

एखादी उपयुक्त वस्तु निर्माण करणें जितकें महत्त्वाचें, तितकेंच ती दूरच्या गरजूच्या हातीं धड अवस्थेंत पोहोंचविणें महत्त्वाचें आहे. पहिल्या कामाचा गौरव सर्वत्र होतो. दुसऱ्याची आठवणहि कोणास राहत नाहीं. आमच्या अंजनगांव सुर्जीच्या पानमळ्यांकडे पाहिलें म्हणजे ही गोष्ट सहज ध्यानांत येते. पानवेल वाढविण्यास कौशल्य लागतें खरें; परंतु खुडलेलीं पानें निवडून, ओलावा राखून, टोपलींत नीट रचून बांधलीं नाहींत, तर दूरच्या बाजारीं पोहोंचेपर्यंत तीं सडून जातात. आणि पान धड पोहोंचलें, तरी चुना, कात व सुपारी यांवांचून त्याचा विडा होत नाहीं. संगणकाच्या जगांतहि असाच प्रकार आहे. त्याविषयीं विद्यार्थी-मित्रांस व त्यांच्या पालकांस चार शब्द सांगावे, असें पुष्कळ दिवस मनांत होतें.

संगणकाच्या बहुतेक भाषांत ‘आधीं अमुक कर, मग तमुक कर’ अशा क्रमवार आज्ञा द्याव्या लागतात. ‘प्रोलॉग’ या भाषेची रीत निराळी आहे. तींत आपणांस ठाऊक असलेल्या गोष्टी व त्यांना जोडणारे नियम सांगावयाचे, आणि मग प्रश्न विचारावयाचा. उत्तर हुडकण्याचें काम संगणकाचें. उदाहरणार्थ, पुढील तीन ओळी पाहा :

पिता(शहाजी, शिवाजी).
पिता(शिवाजी, संभाजी).
आजोबा(_अ, _क) :- पिता(_अ, _ब), पिता(_ब, _क).

पहिल्या दोन ओळींत माहिती आहे. तिसरींत नियम आहे : ‘अ हा ब चा पिता व ब हा क चा पिता असेल, तर अ हा क चा आजोबा होय.’ अक्षरापूर्वींची आडवी रेघ ‘येथें कोणाचेंहि नांव येऊं शकेल’ असें दर्शविते. इंग्रजींत त्यासाठीं मोठें अक्षर घेतात, परंतु देवनागरींत लहानमोठीं अक्षरें नसल्यामुळें रेघेचा आश्रय करावा लागतो. आतां संभाजीचा आजोबा कोण, असें विचारतांच शहाजी हें उत्तर मिळतें. तें आपण कोठेंहि लिहिलें नव्हतें. तें नियमांतून निघालें. उलट, मालोजी हा शिवाजीचा आजोबा काय, असें विचारल्यास ‘नाहीं’ असें उत्तर येतें, यद्यपि इतिहासांत तें सत्य आहे. कारण मालोजीराजांचें नांव आपण सांगितलेंच नाहीं. या भाषेंतील ‘नाहीं’चा अर्थ ‘असत्य’ असा नसून ‘मला दिलेल्या माहितीवरून सिद्ध होत नाहीं’ असा आहे. एवढा एक भेद ज्या मुलाच्या मनावर ठसला, त्याचें शिक्षण व्यर्थ गेलें असें कोण म्हणेल ?

ही भाषा १९७२ सालीं फ्रान्समधील मार्सेय येथें आलाँ कोलमेरोअर व फिलिप रूसेल यांनीं सिद्ध केली; तिच्यामागील तर्कविचारांत एडिंबरो येथील रॉबर्ट कोवाल्स्की यांचा वाटा मोठा आहे. १९८२ सालीं जपाननें ‘पांचव्या पिढीचे संगणक’ निर्माण करण्याचा प्रचंड उद्योग आरंभिला, तोहि तर्काधिष्ठित भाषांच्याच पायावर. १९८६ सालीं भारत सरकारनेंहि ज्ञानाधिष्ठित संगणकांच्या संशोधनाचा कार्यक्रम हातीं घेतला, व मुंबईची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था त्याच्या केंद्रांपैकीं एक होती. पुढें २००३ सालीं ती संस्था सी-डॅकमध्यें विलीन झाली. जपाननें त्या उद्योगासाठीं बनविलेलीं खास यंत्रें आज कोणी वापरीत नाहीं. परंतु १९८७ सालीं ॲम्स्टरडॅम विद्यापीठांत यान वीलेमाकर यांनीं आरंभिलेली ‘एसडब्ल्यूआय-प्रोलॉग’ मात्र आजतागायत चालू आहे. ती विनामूल्य आहे, आणि साध्या यंत्रावर बसते. माझ्या मतें, खास यंत्र मागणारी विद्या यंत्राबरोबर गेली. कोणाच्याहि घरीं जाऊं शकणारी विद्या टिकली.

‘बसते’ हा शब्द लिहिण्यास सोपा आहे. त्याचा अर्थ मला अनुभवानें कळला. कांहीं काळापूर्वीं एका शाळेच्या संगणक-कक्षांत ही भाषा मुलांस दाखवावी म्हणून मी गेलों. त्या दिवशीं तेथें इंटरनेटची जोडणी बंद होती. मी आपल्या समजुतीनें सावध होतों. भाषेचा मूळ सोर्स कोड पेनड्राइव्हवर बरोबर नेला होता. परंतु त्यापासून चालू शकणारा प्रोग्रॅम घडविण्यास ‘सीमेक’ नांवाचें अवजार लागतें, तें त्या यंत्रावर नव्हतें. तें मिळवून दुसऱ्या दिवशीं गेलों, तों मोठमोठ्या संख्यांचें गणित करणारा ‘जीएमपी’ हा संग्रह नाहीं, असा निरोप पडद्यावर उमटला. दोन दिवस मुलें भोंवतीं उभीं राहिलीं व तास संपतांच निघून गेलीं. दोष त्या शाळेचा नव्हता, भाषेचाहि नव्हता. मीं पान नेलें होतें, परंतु चुना व कात घरीं विसरलों होतों.

तिसऱ्या खेपेस शहाणपण सुचलें. त्या यंत्रावर डेबियन नांवाची कार्यप्रणाली होती. तिची आवृत्ति कोणती व यंत्र कोणत्या जातीचें, हें मीं कागदावर टिपून घेतलें. जोडणी असलेल्या ठिकाणीं जाऊन त्याच आवृत्तीचें तयार पॅकेज, त्यास लागणाऱ्या सर्व उपांगांसह, उतरवून घेतलें. आणि शाळेंत येऊन तीं सारीं एकाच आज्ञेनें बसविलीं. थोड्याच वेळांत मुलें आपापल्या घराण्याची वंशावळ लिहूं लागलीं. एका मुलीनें आपल्या आजीविषयीं प्रश्न विचारला; यंत्र ‘नाहीं’ म्हणालें. ती क्षणभर थबकली आणि मग तिच्या ध्यानांत आलें कीं, आपण लिहिलेल्या यादींत एकाहि स्त्रीचें नांव नाहीं. तिनें नवी ओळ लिहिली, तिच्या आईची. मीं दिलेल्या कोणत्याहि व्याख्यानापेक्षां तो धडा मोठा होता. आणि शिदोरी नीट बांधली नसती, तर तो त्या वर्गांत घडलाच नसता.

तेव्हां पॅकेज म्हणजे काय, हें नीट समजून घेतलें पाहिजे. तें केवळ गांठोडें नव्हे. चिठ्ठी लावलेलें गांठोडें आहे. आंतील वस्तूचें नांव व आवृत्ति, ती कोणत्या जातीच्या यंत्रासाठीं आहे, तिला आणखी कोणकोणतीं पॅकेजें लागतात, कोणाशीं तिचें जमत नाहीं आणि तिची निगा कोण राखतो, हें सर्व त्या चिठ्ठीवर असतें. डेबियनचा आरंभ १९९३ सालीं इयन मर्डॉक यांनीं केला. तेव्हांपासून देशोदेशींचे स्वयंसेवक हजारों प्रोग्रॅमांच्या अशा चिठ्ठ्या लिहीत व दुरुस्त करीत आले आहेत. एसडब्ल्यूआय-प्रोलॉगचेहि त्यांनीं निरनिराळे भाग बांधले आहेत. खिडक्यांचा व चित्रांचा भाग नको असेल, तर तो वगळून नुसती भाषा दुबळ्या यंत्रावर घेतां येते. ही योजना ज्यानें केली, त्यास आमच्यासारख्यांची गैरसोय ठाऊक असली पाहिजे. अशाच अज्ञात हातांनीं २००९ सालच्या आवृत्तींत डेबियन बसविण्याच्या सूचना मराठींत आणल्या.

या कामांत बुद्धीचें काय आहे, हमालीच तर आहे, असें कोणी म्हणेल. तसें मुळींच नाहीं. एका पॅकेजास दुसरें लागतें, दुसऱ्यास तिसरें किंवा चौथें चालतें, चौथ्याचें पहिल्याशीं जमत नाहीं; अशा शेंकडों अटींतून सर्वांस मान्य होईल अशी निवड करणें हें तर्कशास्त्राचेंच कठीण कोडें होय. म्हणूनच अमेरिकेंतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेंत निपजलेल्या ‘स्पॅक’ या पॅकेज-व्यवस्थेनें २०२१ सालापासून हें कोडें सोडविण्याचें काम जर्मनींतील पॉट्सडॅम विद्यापीठाच्या ‘क्लिंगो’कडे सोंपविलें आहे; आणि क्लिंगो हें प्रोलॉगच्याच कुळांतलें, तर्काधिष्ठित प्रोग्रॅमिंगचें साधन आहे. जी विद्या एके काळीं शिदोरींत बांधून न्यावी लागे, तीच आतां इतरांच्या शिदोऱ्या बांधूं लागली !

दुसरा आक्षेप असा कीं, आतां ही भाषा कांहीं न बसवितां ‘स्विश’ या नांवानें ब्राउझरमध्येंच चालते. मग हा खटाटोप कशास? ज्यांची जोडणी कधीं तुटत नाहीं, त्यांनीं तसें खुशाल करावें. परंतु ज्या शाळेंत तासाच्या वेळींच वीज किंवा जोडणी दगा देते, तेथें आपल्या कपाटांतील विद्या तीच आपली विद्या. शिवाय, बांधणाऱ्यांचे निर्णय आपल्यापर्यंत पोहोंचतात, हेंहि विसरतां कामा नये. ऑगस्ट २०२५ मध्यें निघालेल्या डेबियनच्या १३ व्या आवृत्तीपासून जुन्या ३२ बिटी यंत्रांवर ती प्रणाली नव्यानें बसविण्याची सोय राहिली नाहीं. ज्यांच्याजवळ तसलीं यंत्रें आहेत, त्यांनीं मागील आवृत्ति व तिचीं पॅकेजें जपून ठेविलीं नाहींत, तर चालतीं यंत्रेंहि अडगळींत जातील.

पालक विचारतील, ‘यानें मुलास नोकरी लागेल काय ?’ प्रामाणिक उत्तर असें कीं, केवळ प्रोलॉगच्या बळावर मिळणाऱ्या नोकऱ्या थोड्या आहेत. परंतु आज प्रश्न विचारतांच सफाईदार उत्तरें देणारीं कृत्रिम बुद्धीचीं यंत्रें मुलांच्या हातांत आलीं आहेत. तीं चुकीचें उत्तरहि तितक्याच ठामपणें देतात. अशा काळीं ‘हें कशावरून ?’ असें विचारण्याची संवय ज्या साधनानें लागते, तें शिकविणें चैनीचें नव्हे, निकडीचें आहे. आणि दुसऱ्यासाठीं काम नीट बांधून देण्याची संवय तर कोणत्याहि धंद्यांत, शेतींत व घरांतहि उपयोगी पडणारी आहे.

म्हणून माझी सूचना थोडक्यांत अशी आहे. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं आपल्या शाळेच्या यंत्रांची आवृत्ति व जात यांची यादी करावी. त्यांना जुळणारीं प्रोलॉगचीं पॅकेजें सर्व उपांगांसह एका पेनड्राइव्हवर जमवून, त्याची एक प्रत कपाटांत ठेवावी. सोबत एक पानभर मराठी सूचना-पत्रक लिहावें, आणि त्यावर बांधणाऱ्याचें नांव व तारीख घालावी. मग तें सर्व खालच्या वर्गांतील, हें साधन कधीं न पाहिलेल्या मुलाच्या हातीं द्यावें व आपण हाताची घडी घालून गप्प बसावें. तो जेथें अडेल, तेथें तो चुकला नाहीं, आपलें पत्रक चुकलें असें समजावें व तें सुधारावें. असें दोन-तीनदां केलें म्हणजे तें पत्रक शेजारच्या गांवच्या शाळेसहि निःशंकपणें देतां येईल. याला विशेष खर्च येत नाहीं. लागते ती चिकाटी व परक्याच्या अडचणीची आगाऊ जाणीव.

बालमित्रांनो, आपल्याच तालुक्यांतील शेंडगांवीं २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं संत गाडगे महाराजांचा जन्म झाला. ते ज्या गांवीं जात, तेथें आधीं हातांत झाडू घेऊन गांव झाडीत आणि मग रात्रीं कीर्तनास उभे राहत. ऐकणाऱ्यांस बसावयास जागा स्वच्छ करणें हाहि त्यांना उपदेशाचाच भाग वाटे. तुम्हीं उद्यां कदाचित् नवी भाषा निर्माण कराल, कदाचित् करणार नाहीं. परंतु कोणी केलेली चांगली वस्तु पुढच्या मुलापर्यंत धड पोहोंचावी म्हणून जागा झाडून ठेवणें व शिदोरी बांधून देणें हें तुमच्यापैकीं प्रत्येकाच्या हातीं आहे. तें काम हलकें समजूं नका. तुमची आई पहाटे उठून जो डबा बांधून देते, त्याची किंमत दुपारीं भूक लागल्यावरच कळते.