पोढीतील पाणी आणि खडकातील सूक्ष्म वाटा



मावळातील पाले गावाजवळच्या डोंगरात एक लहानसे लेणे आहे. तेथील ब्राह्मी शिलालेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा असून त्याचा आरंभ अरिहंतांच्या वंदनाने होतो. पुरातत्त्वज्ञ सांकलिया व शोभना गोखले यांनी त्याचा अभ्यास केला आणि तो जैन परंपरेचा असल्याचे मत मांडले. भदंत इंद्ररक्षिताने लेणे करविले व त्यासोबत पोढीही करविली, असे तो लेख सांगतो. पोढी म्हणजे खडकात कोरलेले पाण्याचे टाके. निवारा आणि पाणी एकाच दानात मोजले गेले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर चार महिने पाऊस कोसळतो आणि पुढे आठ महिने आकाश बहुधा कोरडेच असते. तरीही डोंगराच्या कुशीतील कित्येक झरे दिवाळी उलटल्यावरही वाहत राहतात. हे पाणी इतके दिवस थांबते कोठे?

सह्याद्रीचा काळा पाषाण हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर होय. घट्ट पाषाणातून पाणी जवळजवळ जात नाही. ते जाते लाव्हा थंड होताना पडलेल्या भेगांतून आणि दोन थरांमधील सांध्यांतून. या वाटा कित्येक ठिकाणी केसासारख्या बारीक असतात. अशा वाटांचा हिशेब मात्र आपल्या रोजच्या हिशेबाहून निराळा आहे. भेगेची रुंदी निम्मी झाली, तर तितक्याच दाबाने जाणारे पाणी निम्मे होत नाही. ते एक अष्टमांश उरते. रुंदी दहा पटींनी कमी झाली, तर प्रवाह हजार पटींनी घटतो. कारण असे की, भिंतीला लागून असलेला पाण्याचा थर जवळजवळ स्थिर राहतो व शेजारच्या थरालाही रोखून धरतो. वाट जितकी अरुंद, तितके भिंतीचे हे बंधन अधिक.

गोल नळीत हा नियम आणखी कडक होतो. जर्मन अभियंते हागेन यांनी १८३९ मध्ये आणि रक्ताच्या प्रवाहाचे कोडे उलगडू पाहणारे फ्रेंच वैद्य प्वाझय यांनी त्यानंतर लवकरच तो प्रयोगांनी दाखविला. बारीक नळीतून संथ वाहणाऱ्या द्रवासाठी व्यास निम्मा झाला की प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. व्यासात केवळ दहा टक्के तूट आली, तरी प्रवाहात सुमारे चौतीस टक्के घट होते.

याच डोंगरावरील वळवण, लोणावळा व शिरवता या तलावांचे पाणी टाटांनी मोठ्या लोखंडी नळांतून घाटाखाली उतरविले आणि १९१५ पासून खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. रुंद नळातले पाणी डोंगर झपाट्याने उतरते; भेगेतले पाणी तोच डोंगर उतरण्यास महिने घेते. पहिल्याने गिरण्या चालल्या, दुसऱ्याने वाड्यावस्त्यांचे उन्हाळे निभावले. डोंगराची ही संथ देवघेव म्हणजे एक प्रकारची मुदतठेवच होय.

मात्र जो नियम पाणी जपतो, तोच ते हिरावूनही घेतो. चिखलाचा पातळ थर भेगेत बसला, की तिची वहनशक्ती पाहता पाहता संपते. उतार कापून सपाट केला, माती उघडी टाकली, अंगण सिमेंटने झाकले, तर पावसाळ्यात पाणी ओढ्याला लोंढ्याने जाते आणि चैत्रात खालच्या वस्तीचा झरा मुका होतो. पाऊस कमी झालेला नसतो. वाट बुजलेली असते.

तळेगावच्या फुलशेतीत हाच हिशेब रोज पाहावयास मिळतो. ठिबक नळीच्या तोटीत मुद्दाम नागमोडी, अरुंद वाट ठेवलेली असते, म्हणूनच तिच्यातून ताशी दोन-चार लिटर इतकेच पाणी झिरपते. क्षार वा गाळ किंचित साचला की गुलाबाचे रोप तहानते. म्हणून जाणता शेतकरी पाणी आधी गाळतो आणि नळ्यांची टोके उघडून त्या वरचेवर धुऊन काढतो. पाणी गाळून वापरण्याचा संस्कार आपल्या घरांना नवा नाही. अहिंसेच्या भावनेतून आलेली ही सवय येथे व्यवहारातही उपयोगी पडते.

आपल्यापैकी अनेकांची लोणावळा-कामशेत परिसरात घरे वा जमिनी आहेत. बांधकाम करताना चार गोष्टी सांभाळाव्यात. झऱ्याच्या वरचा उतार कापू नये. अंगणाचा काही भाग मातीचाच ठेवावा. छताचे पाणी जमिनीत मुरवायचे असल्यास ते आधी गाळाच्या खड्ड्यात निवळू द्यावे. आणि गावाचे जुने टाके असेल, तर उन्हाळ्यात गाळ काढण्याचा खर्च उचलावा.

थेंबे थेंबे तळे साचे, हे आपण मुलांना शिकवितो. तो थेंब ज्या वाटेने येतो, ती वाट मोकळी ठेवणे हेही त्याच शिकवणीत येते. इंद्ररक्षिताने पोढी खोदविली; निदान तिची वाट आपल्या हातून बुजू नये.