कव्हरवरचं नाव

जपानी गेम कंपनीतून एखादा मुरलेला माणूस बाहेर पडला की आम्ही गेमर दोनच गोष्टी करतो. 'संपली ती मालिका' म्हणून गळे काढतो, नाहीतर 'वाघ पिंजऱ्यातून सुटला' म्हणून टाळ्या पिटतो. मीही दोन्ही केलंय. जाताना तो सोबत काय नेऊ शकतो, हे मात्र कधी विचारलं नाही.

हिदेओ कोजिमा १९८६ साली कोनामीत लागला. पुढच्याच वर्षी त्याचा 'मेटल गिअर' आला. २०१५मध्ये 'मेटल गिअर सॉलिड ५' बाजारात येण्याआधीच कव्हरवरून त्याचं नाव उडवलं गेलं. डिसेंबरात 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये त्याच गेमला बक्षीस मिळालं. पण कंपनीच्या वकिलानं कोजिमाला यायला मनाई केल्याचं सूत्रसंचालकानं मंचावरूनच सांगितलं. तो गेला, 'मेटल गिअर' कंपनीकडे राहिला. कोजी इगाराशीनं २०१४मध्ये कोनामी सोडली, तेव्हा 'कॅसलव्हेनिया'ही तिथंच राहिला. मग त्यानं चाहत्यांकडून ५५ लाख डॉलर जमवून 'ब्लडस्टेन्ड' केला. म्हणजे नाव न घेता 'कॅसलव्हेनिया'च! आयुष्यभर केलेलं काम पुन्हा करायचं, तर झोळी पसरा आणि नाव बदला.

यावर ठरलेला युक्तिवाद येतो: पैसा कंपनीचा, राबले शेकडो, मग एकट्याचं कौतुक कशाला? मुद्दा बरोबर आहे. पण त्या शेकडोंना तरी कंपन्यांनी कुठं नाव दिलं? ऐंशीच्या दशकात, दुसरी कंपनी माणसं पळवेल या भीतीनं, श्रेयनामावलीत टोपणनावं छापत. कॅपकॉमच्या पहिल्या 'मेगा मॅन'चा दिग्दर्शक अकिरा कितामुरा; नामावलीत तो फक्त 'ए. के.' आहे. केइजी इनाफुने २०१० साली कॅपकॉममधून बाहेर पडला, तेव्हा 'मेगा मॅनचा बाप गेला' म्हणून आम्ही हळहळलो. मूळ पात्र आपलं नव्हे, हे इनाफुनेनं स्वतः सांगितलेलं असूनही! कितामुरा कधी गेला, याची आम्हाला खबरही नव्हती.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मालकी कंपनीकडे राहायची तर राहो, पण ज्यांनी गेम केला त्या सगळ्यांची खरी नावं त्यात असावीत, आणि नोकरी सोडली म्हणून ती पुसली जाऊ नयेत. कंपन्या हे आपणहून करणार नाहीत. आपण विचारलं तर कदाचित करतील. पण विचारणार कोण? गेम संपला की नावं सुरू होताच बटण दाबून पुढं पळणाऱ्यांत मीही आहे.