हातावरचे पोट

‘हातावर पोट असणे’ हा वाक्प्रचार आपण फक्त गरिबांसाठी राखून ठेवला आहे. रोज कमवावे तेव्हा रोज खावे, असा त्याचा रूढ अर्थ. पण जरा विचार केला तर तो तुम्हां-आम्हां सर्वांनाच लागू आहे. हात तोंडापर्यंत जाईनासा झाला, की तिजोरी भरलेली असूनही माणसाला दुसऱ्याच्या घासावर जगावे लागते. ऐन दिवाळीत, फराळाचे ताट पुढ्यात असताना, मी हे काय काढून बसलो असे वाचकांना वाटेल. पण ताटातली चकली ज्या सहजपणे आपण उचलतो, ती सहजता हीच मोठी मिळकत आहे, हे सांगायला याहून चांगला मुहूर्त कुठला?

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरात एका आजाराची साथ आली आणि ‘जीबीएस’ ही तीन अक्षरे घरोघर पोहोचली. पूर्ण नाव गीयाँ-बारे सिंड्रोम. १९१६ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, गीयाँ, बारे आणि स्त्रोल या तीन फ्रेंच वैद्यांनी दोन सैनिकांच्या दुखण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे नाव रूढ होताना बिचारा स्त्रोल मागे पडला! पुण्याच्या साथीत दूषित पाण्या-अन्नातून येणाऱ्या एका जिवाणूवर बोट ठेवले गेले; पण फ्लू, झिका यांसारख्या विषाणूंच्या तापानंतरही हा आजार होतो.

होते असे, की ताप किंवा जुलाब बरे होऊन आठ-पंधरा दिवस लोटतात. माणूस कामाला लागतो. आणि मग पायांना मुंग्या येतात, जिना चढवेनासा होतो, आणि ती दुर्बलता पायांकडून हातांकडे वर सरकत जाते. रोगजंतूंशी लढण्यासाठी शरीराने उभी केलेली फौज चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर तुटून पडते. विजेच्या तारेवर रबर असते तसे मज्जातंतूवर मायलिनचे वेष्टण असते. ते सोलले जाते, आणि कधी कधी आतली तारही तुटते. शंभरातल्या वीस-तीस रोग्यांचे श्वासाचे स्नायूही थकतात आणि त्यांना यंत्राचा श्वास घ्यावा लागतो.

यावर औषध आहे. इम्युनोग्लोब्युलिन देतात किंवा रक्तातला द्रव बदलतात. पण ही औषधे म्हणजे आगीचा बंब. बंब आग विझवतो, घर बांधून देत नाही. ते पुन्हा बांधायचे काम निसर्ग आपल्या गतीने करतो, आणि ती गती फारच संथ आहे. तुटलेला तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. आपल्या जुन्या मापातला एक हात, म्हणजे दीड फूट, तोडायला त्याला सव्वा वर्ष लागते.

खरी गोष्ट सुरू होते ती इथे. तंतू येईपर्यंत सांधा वाट पाहत नाही, तो आखडतो. पाऊल खाली लोंबते आणि तसेच घट्ट होऊन बसते. म्हणून पहिल्या आठवड्यापासून कुणीतरी रोग्याचे हातपाय त्याच्यासाठी हलवावे लागतात, घोट्याला आणि मनगटाला आधाराची पट्टी बांधावी लागते, दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. अंथरुणाला खिळलेल्याला एकदम उभे केले तर रक्तदाब घसरून भोवळ येते. म्हणून त्याला कलत्या फळीवर बांधून रोज थोडेथोडे उभे करतात. हे फिजिओथेरपीचे काम.

आमच्या आळीतल्या एका शिंप्याला चार वर्षांपूर्वी फ्लूनंतर हे दुखणे झाले. इस्पितळातून घरी आला तेव्हा तो धरून चार पावले टाकत होता, पण बोटे लुळी होती. त्याची आई त्याला भरवी. घरी येणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट मुलीने जाड मुठीचा चमचा पुढे केला, तशी म्हातारी रागावली.

“अगं, सांडतंय सगळं. मी आहे ना भरवायला!”

“आजी, तुम्ही भरवलंत तर पोट भरेल, हात नाही भरणार,” ती म्हणाली, “सांडू दे. मी पुसते.”

पुढे थाळीत वाल पसरून एकेक उचलणे, कपड्याचे चिमटे दोरीला लावणे, बटणे लावणे-काढणे असे सुरू झाले. एके दिवशी तिने त्याच्या बायकोला दुकानातली कात्री आणायला सांगितली. रबराचा चेंडू दाबताना जो माणूस कंटाळून भिंतीकडे पाही, तो कात्री हातात येताच सरसावून बसला. आज तो दिवसातून दोन-दोन तास करून मशीनवर बसतो, मधे पडतो. सुईत दोरा अजून बायकोच ओवते. रोगी सगळाच्या सगळा परत येतोच असे नाही. सहा महिन्यांत शंभरातले ऐंशीएक जण आधाराशिवाय चालू लागतात, पण थकवा पुष्कळांची पाठ वर्षानुवर्षे सोडत नाही.

या उपचाराला मराठीत ‘व्यवसायोपचार’ म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटते, धंदा शिकवत असतील. दोष शब्दाचा नाही, आपला आहे. व्यवसाय म्हणजे मूळचा निश्चय, उद्योग. गीतेत तो त्याच अर्थाने आला आहे. आपण त्याला दुकानाच्या पाटीवर नेऊन बसवले. इथे वेणी घालणे, अंघोळ करणे, सही करणे हे सारे व्यवसायच. ही विद्या आपल्याकडे आणली ती कमलाबाई निंबकरांनी. जन्माने त्या अमेरिकन, एलिझाबेथ लुंडी; लग्नाने निंबकर झाल्या आणि १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी या विषयाची शाळा काढली. १९५३ मध्ये तिथेच फिजिओथेरपीचीही शाळा निघाली. तेव्हा पोलिओने अधू झालेली मुले डोळ्यांसमोर होती. फलटणच्या ‘कमला निंबकर बालभवन’ शाळेच्या नावात ते नाव आजही आहे.

इतकी वर्षे झाली, तरी आपण मात्र इस्पितळातून सुटका म्हणजे आजार संपला असे समजतो. बिल भरून कंबर मोडलेली असते, तेव्हा पहिली कात्री लागते ती व्यायामाच्या खर्चाला. काही घरांत उलट: “जोर लाव, जोर लाव” म्हणून रोग्याला दमवतात. नुकत्या जागलेल्या स्नायूला थकेपर्यंत राबवले तर तो मागे जातो. थोडे करावे, थांबावे, पुन्हा करावे, हाच इथला नियम.

आणि एक पक्षपात. पुरुष आजारी पडला की घर विचारते, “कामावर कधी रुजू होणार?” त्यासाठी बोटांना तालीम मिळते. बाई आजारी पडली तर ती उठून ओट्याशी उभी राहिली, की बरी झाली! उकळते पातेले उतरवायला मनगटात किती बळ लागते, हे कुणी मोजत नाही. बसून पोळ्या लाटता येतील असा ओटा, दोन कानांचे हलके पातेले, हाही उपचारच आहे. तो तिला द्यायला थेरपिस्ट तयार असते. प्रश्न एवढाच, की तिचे काम हा व्यवसाय आहे असे घराला वाटते काय?

तेव्हा वाचकहो, तुमच्या नात्यागोत्यात असा कुणी यंदा फराळाला बसला असेल, तर करंजी त्याच्या तोंडात घालू नका. ताट जवळ सरकवा आणि दुसऱ्या गप्पा काढा. सांडलेले सारण मागून गोळा करता येईल.