मामाजींचा कापूस आणि ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’: सप्लाय चेनमधली जोखीम शेवटी जाते कुठे?

ऑक्टोबर २०२५. दर्यापूर तालुक्यातून मामाजींचा फोन आला. “अरे, सीसीआयच्या त्या अ‍ॅपमधी आपली नोंदणी होऊन नाही राहिली. सातबाऱ्यावर कपाशीच दिसत नाही म्हणते पोट्टा. तू तर करतो म्हणला होता ना?”

चूक माझी होती. ऑगस्टमध्ये मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, “मामाजी, टेन्शन नका घेऊ, ई-पीक पाहणी मी पुण्यातूनच करून टाकतो.” पण ई-पीक पाहणीत शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढावा लागतो. लोकेशन तपासलं जातं. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बसून ते होत नाही. मग ऑफिसात रिलीज आली आणि मी विसरलो.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. सर्व्हर पडला तर दुसरा कसा उभा राहील, याचाच मला पगार मिळतो. आणि घरच्या कापसाच्या साखळीत ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’ मीच निघालो! म्हणजे असा एकच दुवा, जो तुटला की सगळं थांबतं.

त्या फोननंतर मी ही अख्खी साखळी इंजिनियरच्या नजरेनं बघायला लागलो. जे दिसलं ते तुमच्यासमोर मांडतो.

आधी साखळी समजून घेऊ

तुमच्या अंगातल्या टी-शर्टचा प्रवास साधारण असा असतो: बियाणं, शेत, वेचणी, बाजार किंवा खरेदी केंद्र, जिनिंग (इथे सरकी आणि रुई वेगळी होते), गाठी, सूतगिरणी, कापड, शिलाई, दुकान किंवा निर्यात. अकोला-अमरावती पट्टा यातल्या पहिल्या काही पायऱ्यांवर आहे.

साखळी मजबूत आहे का, हे बघायला तीन प्रश्न पुरतात. दुवा तुटला तर दुसरा रस्ता आहे का? मधल्या काळासाठी साठा आहे का? आणि नुकसान झालंच, तर ते कोणाच्या खिशातून जातं? पहिल्या दोन प्रश्नांवर भरपूर चर्चा होते. तिसरा सहसा कोणी विचारत नाही.

वऱ्हाड म्हणजे मँचेस्टरचा बॅकअप

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. लँकेशायरच्या गिरण्या प्रामुख्यानं अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापसावर चालत. तो एकच मोठा पुरवठादार बंद पडला आणि तिकडच्या गिरण्या ओस पडल्या. मग पर्यायी कापसासाठी इंग्रजांची नजर हिंदुस्थानाकडे आणि वऱ्हाडाकडे वळली. भाव कडाडले. मुंबई-नागपूर रेल्वेमार्ग याच दशकात वऱ्हाडातून पुढे सरकला, आणि १८७० मध्ये कापसाच्या बाजारपेठेसाठी खामगावला खास फाटा आला.

१८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळले. मँचेस्टरला मात्र कायमचा दुसरा पुरवठादार मिळाला. आजच्या भाषेत त्यांची सप्लाय चेन ‘रेझिलियंट’ झाली. वऱ्हाडाला काय मिळालं? एकाच पिकावरचं आणि दूरच्या बाजारावरचं अवलंबित्व. जोखीम संपली नव्हती. ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेली होती.

२०२५ मध्ये तेच, वेगळ्या कपड्यात

२७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेत भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लागू झालं. कापड उद्योगाला मोठा झटका बसला. त्याच्या आठवडाभर आधी, १९ ऑगस्टला, केंद्र सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं होतं. सवलत आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती, ती लगेच ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली.

गिरणीच्या बाजूनं हा निर्णय समजण्यासारखा आहे. विक्री अडचणीत असेल तर कच्चा माल तरी स्वस्त मिळावा, आणि तो एकाच देशातून घ्यायची सक्ती नसावी.

आता शेताकडून बघा. पेरणी जून-जुलैमध्ये झालेली. बियाणं, खत, फवारणी, निंदण, सगळा पैसा जमिनीत गेलेला. धोरण ऑगस्टमध्ये बदललं. सॉफ्टवेअरमध्ये रोलबॅक असतो, चुकलं तर जुनं व्हर्जन परत आणता येतं. पेरलेल्या पऱ्हाटीला रोलबॅक नाही. साखळीतला एक घटक आठवड्यात निर्णय बदलू शकतो आणि दुसरा वर्षातून एकदाच. धक्का नेहमी दुसऱ्यालाच बसणार.

हमीभाव: कागदावरचा फॉलबॅक

शेतकऱ्याला बॅकअपच नाही असंही नाही. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये होता. खुल्या बाजारात भाव त्याखाली होते. अशा वेळी भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, खरेदी करतं.

या हंगामात त्यासाठी ‘कपास किसान’ अ‍ॅप आलं. सप्टेंबरपासून त्यावर नोंदणी करायची, मग तारीख बुक करायची, त्या दिवशी गाडी केंद्रावर न्यायची. पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात. कल्पना वाईट नाही. जिनिंगबाहेर गाड्यांच्या रांगा आणि थंडीत गाडीखाली काढलेल्या रात्री ज्यांनी पाहिल्यात, त्यांना स्लॉट बुकिंगची किंमत कळते.

पण हा रस्ता उघडायला लागणाऱ्या गोष्टी मोजा. सातबाऱ्यावर कपाशीची नोंद. आधार. आधारशी जोडलेलं बँक खातं. चालू मोबाइल नंबर. स्मार्टफोन. नेटवर्क. मोकळा स्लॉट. आणि शेवटी कापसातला ओलावा. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, ८ ते १२ च्या मध्ये कपात, १२ च्या वर खरेदीच नाही. यातली एक गोष्ट अडली की सगळं अडलं. प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे बघितली तर योग्य वाटते, पण आठ योग्य पायऱ्या एकामागे एक लावल्या की रस्ता नाजूक होतो.

त्याहून मोठी गडबड वेगळीच आहे. बॅकअपचा पहिला नियम असा की मुख्य यंत्रणा ज्या कारणानं पडेल, त्याच कारणानं बॅकअप पडता कामा नये. मूळ डेटा आणि त्याची कॉपी एकाच इमारतीत ठेवली आणि इमारतीला आग लागली, तर कॉपीचा उपयोग काय? कापसाचं तसंच झालं. परतीच्या पावसानं बोंडं भिजली, म्हणून व्यापारी भाव पाडून मागायला लागला. त्याच पावसानं ओलावा वाढला, म्हणून हमीभावाचं दारही बंद. दोन्ही रस्ते एकाच ढगानं अडवले.

मग साठवून का ठेवत नाही?

२०११ च्या जपानमधल्या भूकंप-त्सुनामीत चिप बनवणारा मोठा कारखाना बंद पडला, तेव्हा टोयोटानं धडा घेतला आणि महत्त्वाच्या चिप्सचा काही महिन्यांचा साठा पुरवठादारांकडे ठेवायला लावला. २०२१ च्या चिप टंचाईत सुरुवातीला टोयोटा इतरांपेक्षा जास्त काळ टिकली, ती यामुळे.

साठा ठेवायचा तर जागा आणि पैसा लागतो. मामाजींकडे जागा म्हणजे समोरची खोली. कापूस घरात भरला की अंगाला खाज सुटते, चुलीच्या ठिणगीची भीती, आणि वेचणीच्या बायांची मजुरी तर रोखच द्यायची. “भाव वाढेपर्यंत थांबा” हा सल्ला देणं सोपं आहे. थांबायची ताकद हीच खरी संपत्ती असते.

सोयाबीन, तूर, हरभऱ्याला थोडी सोय आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के व्याज, सहा महिने मुदत. कपाशीत तुरीची तासं टाकायची वऱ्हाडातली जुनी रीतही जोखीम वाटून घेण्याचीच आहे. आपले आजोबा त्याला ‘डायव्हर्सिफिकेशन’ म्हणत नव्हते, इतकंच.

काय बदलायला हवं

धोरणाच्या पातळीवर मला तीन गोष्टी दिसतात. अ‍ॅपला समांतर, माणसाच्या हातानं होणारी नोंदणी प्रत्येक बाजार समितीत हवी, आणि ती हंगामभर उघडी हवी. ओल्या कापसासाठी केंद्रावर वाळवायला ओटे आणि शेड हवेत, म्हणजे गाडी परत न्यावी लागणार नाही. आणि आयात धोरण पेरणीआधी जाहीर व्हावं, निदान ज्याला रोलबॅक नाही त्याला आधी कळावं.

घरच्या पातळीवर काम तुमचं-माझं आहे. घरात स्मार्टफोन चालवणारे आपणच. ऑगस्टमध्ये ई-पीक पाहणी स्वतः शेतात जाऊन करा. बँक खातं आधारशी जोडलंय का, आधारवरचा नंबर चालू आहे का, हे हंगामाआधी तपासा. आणि हे सगळं घरातल्या किमान दोघांना येऊ द्या.

मामाजींच्या सातबाऱ्यावर नोंद शेवटी गावातल्या सहायकाकडून चढली, पण त्यात दिवस गेले. तोवर वेचणीची मजुरी द्यायला दहा क्विंटल कापूस गावात आलेल्या व्यापाऱ्याला हमीभावापेक्षा हजारभर रुपये कमी घेऊन द्यावा लागला. उरलेला डिसेंबरात केंद्रावर गेला. म्हणजे माझ्या एका विसरण्याची किंमत साधारण दहा हजार रुपये. ती मी नाही भरली, मामाजींनी भरली. जोखीम अशीच खाली सरकते.

दिवाळीत गेलो तेव्हा पैसे द्यायला लागलो, तर त्यांनी घेतले नाहीत. “ते राहू दे. हिले शिकवून जाय,” म्हणाले आणि बारावीतल्या मामेबहिणीकडे बोट दाखवलं. तिनं अर्ध्या तासात दोन्ही अ‍ॅप समजून घेतले. या ऑगस्टमध्ये शेतात ती जाईल. मीही रजा टाकून ठेवली आहे. बॅकअप म्हणून.